बॅकअपच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या, तर त्यावरून कॉम्प्युटर परत उभा राहतो का?

औसारोड_ऑफिस (लातूर)

नमस्कार मंडळी. कर सल्लागाराचं ऑफिस आहे, दोन डेस्कटॉप, दोन्हीवर विंडोज ११ प्रो. सध्या सगळा बॅकअप एकाच १ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर जातो. ती डिस्क गेली की सगळंच गेलं, म्हणून दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत ठेवायची आहे. पहिल्या डिस्कवर काय काय आहे ते सांगतो:

पहिला डेस्कटॉप: कंट्रोल पॅनलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ने काढलेली सिस्टिम इमेज (विंडोजसकट अख्ख्या ड्राइव्हची नक्कल), साधारण १८० जीबी.
दुसरा डेस्कटॉप: व्हीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती. एक व्हीबीके फाइल १४० जीबी, सहा व्हीआयबी फाइली मिळून ५० जीबी, आणि एक छोटी व्हीबीएम फाइल.
शिवाय टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या पीडीएफ, २० जीबी.

दुसरी डिस्कही १ टीबीचीच आहे, आधी टीव्हीला जोडलेली असायची. माऊसने ओढून कॉपी करताना तीन अडचणी येतात. एक, ८०० जीबीच्या वर जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून कॉपी थांबते. दोन, सिस्टिम इमेजचं फोल्डर उघडायला परवानगी नाही म्हणतं. तीन, लहान फाइली जातात, पण सुरुवातीला चांगला असलेला वेग थोड्या वेळाने २० एमबीवर येतो.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. हे सगळं कॉपी झालं आणि उद्या पहिली डिस्क बंद पडली, तर दुसऱ्या डिस्कवरून कॉम्प्युटर जसाच्या तसा परत येईल का? आणि तसा येईल हे आजच कसं तपासायचं?

---

मांजराकाठ

येतो, सर. पण रिकव्हरीच्या स्क्रीनला जे ज्या नावाने आणि ज्या जागी लागतं, ते तिथेच असायला हवं. तुमच्याकडे दोन जातींचे बॅकअप आहेत आणि दोघांचे नियम वेगळे आहेत. मी सिस्टिम इमेजचं सांगतो, व्हीमचं दुसरं कुणी नीट सांगेल.

आधी डिस्क. टीव्हीला जोडलेली होती म्हणजे बहुतेक फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची आहे. त्यात एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा जास्त होऊच शकत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅट केली तर ही मर्यादा जाते, पण त्याला जर्नल (बदल करण्याआधी ठेवलेली नोंद) नसतं. अर्ध्यात वीज गेली किंवा केबल निघाली तर फाइलींचा तक्ताच बिघडायची भीती राहते. विंडोजची इमेज थेट त्या डिस्कवर काढायची झाली तरी ती एनटीएफएसच मागते. म्हणून डिस्कवरचं हवं ते बाजूला काढा आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. ॲलोकेशन युनिट ‘डिफॉल्ट’च ठेवा. वापरलेली डिस्क आहे, तर ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढा. काही तास लागतील, पण पूर्ण पृष्ठभाग तपासला जातो आणि खराब सेक्टर आत्ताच उघडे पडतात.

आता फोल्डर. विंडोजच्या इमेजचं फोल्डर ‘विंडोजइमेजबॅकअप’ याच नावाचं, सलग अक्षरांत, आणि ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर असावं लागतं. ‘ऑफिस बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं तर रिकव्हरीला ते दिसतच नाही. त्याच्या आत कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात तारीख-वेळेचं बॅकअप फोल्डर, कॅटलॉग, मेटाडेटाचं फोल्डर आणि मीडियाआयडी नावाची फाइल. मोठी व्हीएचडीएक्स फाइल (ड्राइव्हची नक्कल हिच्यातच असते) तेवढी उचलायची आणि बाकीचं ‘फालतू’ म्हणून सोडायचं, असं करू नका. त्या बारक्या फाइलींशिवाय ही इमेज आहे हे रिकव्हरीला कळत नाही.

परवानगीच्या खिडकीत ‘कंटिन्यू’ दाबलं तर फोल्डर उघडेल, पण तुमच्या रोजच्या खात्याला त्या फोल्डरचा कायमचा हक्क मिळेल. इमेजमध्ये अख्खा कॉम्प्युटर असतो, तो हक्क न दिलेला बरा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपीची आज्ञा वापरा. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि अंक:

रोबोकॉपी ई:\विंडोजइमेजबॅकअप एफ:\विंडोजइमेजबॅकअप /ई /बी /जे /सेक /आर:२ /डब्ल्यू:५ /लॉग:सी:\लॉग\इमेज.टीएक्सटी

लॉगचं फोल्डर आधी बनवून ठेवा. इथे ‘ई’ म्हणजे पहिली डिस्क. दुसरीचं ड्राइव्ह लेटर ‘एफ’च आहे ना, तेही बघून घ्या.

दुसऱ्या पत्त्यातही फोल्डरचं नाव लिहिलंय, तिकडे लक्ष द्या. रोबोकॉपी मूळ फोल्डरच्या आतलं उचलतं, फोल्डर स्वतः नाही. नुसतं ‘एफ:\’ लिहिलं तर कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर थेट वर पडेल आणि रिकव्हरी ‘इमेज सापडली नाही’ म्हणेल. कॉपी पूर्ण, आकार बरोबर, आणि तरी रिस्टोअर होत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

‘बी’ म्हणजे बॅकअप मोड, परवानगीचा अडथळा त्याने ओलांडता येतो. ‘जे’ मोठ्या फाइलींसाठी, विंडोजची मेमरी कॅशे न भरता लिहितं. ‘सेक’ने मूळ परवानग्या तशाच सोबत जातात. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ विसरू नका. ते नसले तर एखादी फाइल वाचता आली नाही की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं आणि तुम्हाला वाटतं कॉपी चालू आहे. ‘झेड’ स्विच अर्ध्यावरून पुढे चालू करायला असतो, पण यूएसबीवर त्याने वेग बराच पडतो, तो नेटवर्कसाठी ठेवा. तो नसल्यामुळे मध्येच तुटलं तर ती एक फाइल पुन्हा पहिल्यापासून जाईल, एवढं सोसा.

‘एमआयआर’, म्हणजे मिरर, इथे अजिबात नको. मूळ डिस्कवर जे नाही ते तो दुसऱ्या डिस्कवरून पुसतो. पहिली डिस्क चुकून रिकामी झाली असेल तर तो दुसरीही इमानेइतबारे रिकामी करेल.

संपल्यावर लॉगच्या तळाचा तक्ता बघा. ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य हवं. बॅच फाइल लिहिणार असाल तर परतीचा कोड ८ च्या खाली म्हणजे ठीक. १ आला म्हणून घाबरू नका, १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या.

मग ‘डब्ल्यूबीॲडमिन गेट व्हर्जन्स -बॅकअपटार्गेट:एफ:’ चालवा. त्यात इमेजची तारीख आणि काय काय रिकव्हर होईल त्याची यादी येते. यादीत ‘बेअर मेटल रिकव्हरी’ (रिकाम्या डिस्कवर अख्खा कॉम्प्युटर परत बसवणं) दिसली की फोल्डरची मांडणी बरोबर बसली. एक ध्यानात असू द्या: मूळ डिस्कवर इमेजच्या जुन्या तारखा शॅडो कॉपीच्या (विंडोजने त्याच डिस्कवर लपवून ठेवलेल्या जुन्या स्थितीच्या) रूपाने असतात, त्या अशा कॉपीत येत नाहीत. फक्त ताजी येते. जुनीही जपायची असेल तर दुसऱ्या डिस्कवरच्या जुन्या फोल्डरच्या नावापुढे महिना लावा, मग नवी कॉपी आणा. जुनी लागेल त्या दिवशी नाव पुन्हा मूळ करायचं.

---

गोदाकाठ_नांदेड

व्हीमचं मी सांगतो, कारण तिथे फसगत वेगळ्या प्रकारची होते.

व्हीबीके म्हणजे पूर्ण बॅकअप, व्हीआयबी म्हणजे त्यानंतर दर वेळी बदललेलं तेवढंच, व्हीबीएम म्हणजे कोणामागे कोण याची नोंद. चौथी व्हीआयबी खराब झाली तर पाचवी-सहावीही उपयोगाची राहत नाही, तिसऱ्यापर्यंतच मागे जाता येतं. आणि व्हीबीके नसेल तर सगळ्या व्हीआयबी नुसत्या जागा अडवतात. म्हणून ‘जॉब’च्या (व्हीममध्ये लावून ठेवलेल्या बॅकअपच्या कामाच्या) नावाचं अख्खं फोल्डर एका दमात न्यायचं.

खरी गोम पुढे आहे. ठरलेले दिवस भरले की व्हीम सगळ्यात जुनी व्हीआयबी व्हीबीकेमध्ये मिसळून टाकतं. फाइलचं नाव तसंच वाटतं, आकार जवळपास तेवढाच, पण आतला मजकूर बदललेला असतो. तुम्ही मागच्या महिन्यात व्हीबीके नेली आणि या आठवड्यात ‘नवीन तेवढं’ म्हणून फक्त नव्या व्हीआयबी नेल्या, तर दुसऱ्या डिस्कवर जुनी व्हीबीके आणि नव्या व्हीआयबी असा बेमेळ संच तयार होतो. मधला दुवाच नाही. फोल्डर भरलेलं दिसतं आणि रिस्टोअरच्या दिवशी ते उघडत नाही.

म्हणून दुसऱ्या डिस्कवर व्हीमसाठी दोन फोल्डर करा, अ आणि ब. या आठवड्यात ‘अ’ पूर्ण पुसून सगळा संच ताजा न्या, पुढच्या आठवड्यात ‘ब’. म्हणजे कॉपी अर्ध्यात फसली तरी आधीच्या आठवड्याचा एक धड संच कायम हाताशी राहतो. तुमच्या हिशेबात हे बसतं: १९० चे दोन म्हणजे ३८०, इमेजच्या दोन ३६०, वर २०. एकूण ७६० जीबी. १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ दाखवतं, थोडी मोकळी जागा उरते.

कॉपी चालू असताना व्हीमचा जॉब सुरू झाला तर फाइल वाचता वाचता बदलते, म्हणून तेवढ्या वेळापुरतं त्याचं वेळापत्रक बंद ठेवा. टॅलीचंही तेच. दोन्ही मशीनवर टॅली पूर्ण बंद करून मगच डेटा फोल्डर उचला. कंपनी उघडी असताना उचललेला डेटा नंतर उघडताना कुरकुरतो.

आता पडताळणी. रोबोकॉपी फाइल लिहून झाल्यावर ती परत वाचून बघत नाही. आकार आणि तारीख जुळली म्हणजे आतला प्रत्येक बाइट जुळला असं होत नाही. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा आहे, ती फाइलीच्या आतल्या मजकुरावरून हॅश, म्हणजे तिचा ठसा, काढते, आपोआप एसएचए२५६ पद्धतीने. मूळ व्हीबीकेचा हॅश काढा, कॉपीचा काढा, दोन्ही एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. मोठ्या फाइलीला १०० एमबीच्या वेगाने साधारण २४ मिनिटं लागतात.

हॅश काढण्याआधी डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून केबल काढा आणि पुन्हा जोडा. नाहीतर आत्ताच लिहिलेला काही भाग रॅमच्या कॅशेमधून वाचला जाऊ शकतो आणि डिस्कवर नक्की काय उतरलं ते कळत नाही.

जुळला नाही तर कॉपीचा हॅश दोनदा काढा. दोन्ही वेळा तोच चुकीचा आकडा आला तर डिस्कवर चुकीचं लिहिलं गेलंय, पुन्हा कॉपी करा. दर वेळी वेगळा आकडा आला तर वाचण्यातच गडबड आहे: केबल, डब्यातलं यूएसबी कार्ड किंवा कॉम्प्युटरची रॅम. रॅम सदोष असेल तर आधी मेमरी तपासणी करा. त्या मशीनवर काढलेला कुठलाच बॅकअप तोवर भरवशाचा नाही.

आणि हॅश जुळला म्हणजे कॉपी मुळासारखी आहे, इतकंच सिद्ध होतं. मूळच बिघडलेलं असेल तर कॉपीही बिघडलेलीच येणार. म्हणून पहिली डिस्क काढून ठेवा, दुसरीच जोडा, व्हीमच्या ‘फाइल लेव्हल रिस्टोअर’ने ‘अ’ फोल्डरमधून सगळ्यात ताजी तारीख उघडा आणि चार-पाच पीडीएफ, एखादी मोठी एक्सेल बाहेर काढून उघडून बघा. ताजी तारीख मुद्दाम सांगतोय, कारण ती उघडायला साखळीतल्या सगळ्या फाइली लागतात.

---

बालाघाट

वेगाचा मुद्दा राहिला, तो घेतो.

२० एमबीवर येण्याची कारणं दोन-तीन असतात. यूएसबी २ च्या पोर्टात लावली तर मुळातच ३० ते ४० एमबी मिळतो. ३९० जीबीला तीन तास. निळ्या यूएसबी ३ पोर्टात हार्ड डिस्क ११० च्या आसपास जाते, तेच काम तासाभरात. पण सुरुवातीला चांगला वेग आणि मग घसरण, हे बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या एसएमआर रचनेमुळे होतं. त्यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. आधी एका राखीव पट्ट्यात भराभर लिहिलं जातं, तो भरला की प्रत्येक नव्या लिखाणासाठी शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. ही बिघाडाची खूण नाही. मोठ्या फाइली सलग जाऊ द्या, एका वेळी एकच कॉपी चालवा, दोन खिडक्यांतून दोन कॉपी सोडू नका.

डेस्कटॉपच्या पुढच्या पॅनलच्या पोर्टला किंवा बिनअडॅप्टरच्या हबला डिस्क लावू नका. फिरणारी डिस्क सुरू होताना जास्त करंट ओढते, आतल्या लांब वायरीवर व्होल्टेज पडतं आणि मोठी कॉपी मध्येच ‘डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून तुटते. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात, डिस्कसोबत आलेल्या आखूड केबलने जोडा.

लाइटीचं आपल्याकडे सांगायला नको. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्यामागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) तग धरत नाही, मशीन रीस्टार्ट होतं आणि कॉपी जाते. वेगळा यूपीएस असेल तर उत्तम. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ कधीच नाही असं करा. रोबोकॉपी चालू असलं तरी मशीन झोपू शकतं.

उन्हाळा. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालताना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याच्या कितीतरी वर जातं. मोठी कॉपी सकाळी लवकर किंवा रात्री करा, डिस्क कव्हरमधून काढून फरशीवर नाही तर टेबलावर मोकळी ठेवा, पंखा तिच्याकडे वळवा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसतं. ५० च्या पुढे गेलं तर थांबा. तिथेच ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी (खराब किंवा संशयित सेक्टरांची मोजणी) बघा. सी५ मध्ये शून्याशिवाय काही दिसलं तर ती डिस्क दुसऱ्या प्रतीसाठी घेऊ नका. टीव्हीला जोडलेली डिस्क लाइट गेली की अचानक बंद पडत आलेली असते, म्हणून हे आधी बघा, मग फॉरमॅटला हात घाला.

आणि कॉपी झाली की दुसरी डिस्क काढायची. जोडून ठेवलेल्या दोन डिस्क म्हणजे खंडणीच्या व्हायरससाठी दोन सोपी सावजं, तो सगळ्या ड्राइव्ह लेटरवरच्या फाइली कुलूपबंद करतो. काढून ऑफिसच्याच ड्रॉवरमध्ये ठेवली तर आग, चोरी, छताची गळती यात दोन्ही एकदमच जातील. घरी कपाटात ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत.

तुमच्या धंद्याला आणखी एक: जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. अ-ब फोल्डरांचा फेरा दोन आठवड्यांतच जुनं पुसतो. म्हणून मार्चअखेरचा टॅली डेटा वर्षाच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका.

---

औसारोड_ऑफिस (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सी५ बघितलं, शून्य आहे. पूर्ण फॉरमॅट लावलाय. दोन शंका उरल्या. सिस्टिम इमेज खरोखर रिस्टोअर होते का, हे चालू कॉम्प्युटर न पुसता कसं बघायचं? आणि पहिल्या डेस्कटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू आहे, त्याचं काय?

---

मांजराकाठ

तीन पायऱ्यांनी बघा, सर. जेवढी पायरी पुढची, तेवढी खात्री जास्त.

पहिली: डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘अटॅच व्हीएचडी’ करून दुसऱ्या डिस्कवरची व्हीएचडीएक्स जोडा. ‘रीड-ओन्ली’ची टिक आठवणीने लावा. तिच्याशिवाय जोडली तर विंडोज त्या फाइलीत काहीबाही लिहितं आणि इमेजमध्ये बदल होतो. अक्षर मिळालं नाही तर तिथेच द्या. आतले फोल्डर उघडून बघा, मग ‘डिटॅच’ करा.

दुसरी: १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन त्याच कॉम्प्युटरवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा. पहिली डिस्क काढा, फक्त दुसरी जोडा, पेन ड्राइव्हवरून सुरू करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथून ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’. दुसऱ्या डिस्कवरची इमेज तारखेसकट दिसली पाहिजे. दिसली की ‘कॅन्सल’. पुढे ‘फिनिश’ दाबलं की चालू डिस्क पुसायला सुरुवात होते.

तिसरी, पूर्ण चाचणी: मूळ एसएसडी कॉम्प्युटरमधून काढून बाजूला ठेवायची, दुसरी रिकामी एसएसडी बसवायची आणि तिच्यावर खरंच रिस्टोअर करायचं. चाचणीची एसएसडी मूळ डिस्कइतकी किंवा मोठी लागते. मूळ ५१२ जीबी असेल आणि तुम्ही ५०० ची आणलीत तर आत डेटा १८० जीबीच असला तरी विंडोज नकार देतं. व्हीममध्ये हा आडमुठेपणा नाही, तिथे पार्टिशन लहान करून बसवता येतं.

बिटलॉकरचं असं, की ड्राइव्ह उघडा असताना काढलेली इमेज आत बिनकुलपाची असते. मूळ कॉम्प्युटरला कुलूप आणि बॅकअपच्या डिस्कवर सगळ्या क्लायंटचे पॅन आणि बँक तपशील उघडे, असा प्रकार होतो. म्हणून दुसऱ्या डिस्कलाच ‘बिटलॉकर टू गो’ लावा, प्रोमध्ये सोय आहे. फॉरमॅट झाल्या झाल्या, कॉपीच्या आधी लावलंत तर वेळ वाचतो. मग रिकव्हरीत ती डिस्क पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती की त्या डिस्कवर किंवा त्याच कॉम्प्युटरवर ठेवून उपयोग नाही. कागदावर छापा, एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत, एक घरी. रिस्टोअर झालेल्या कॉम्प्युटरवर बिटलॉकर पुन्हा चालू करावं लागतं, तेही लिहून ठेवा.

---

गोदाकाठ_नांदेड

वरच्या दुसऱ्या पायरीत एक जोड. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो) चालू असतं. विंडोजच्या साध्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू केलं तर बाहेरची डिस्क दिसते, इमेजही दिसते, पण आतली एनव्हीएमई एसएसडी दिसत नाही आणि रिस्टोअर तिथेच अडतं. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर उघडलेल्या फोल्डरच्या रूपात त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा, इमेज रिकव्हरीच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मधून ‘इन्स्टॉल ड्रायव्हर्स’ने तो घालता येतो. व्हीमचा रिकव्हरी मीडिया बनवताना ‘या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर घ्या’ ही टिक लावली की तिथे हा प्रश्न येत नाही. दोन्ही डेस्कटॉपसाठी वेगवेगळे पेन ड्राइव्ह करा आणि कोणता कोणाचा ते मार्करने वर लिहा.